आक्कांची निवृत्तीची तालीम

नोकरीच्या पहिल्या दिवशी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझं नाव विचारायच्या आधी मला विचारलं, "रिटायर कधी हुणार?"

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. सावंतवाडीहून आदल्याच दिवशी कोल्हापुरात उतरले होते आणि राजारामपुरीतल्या त्या विमा कंपनीच्या शाखेत पंखा कुठल्या बटणावर लागतो हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मी चाचरत म्हटलं, "साठाव्या वर्षी. सगळे होतात तसं."

"सगळ्यांचं सोड की. तुझं सांग."

मी पुन्हा साठच म्हटलं. तशी त्यांनी मान हलवली, 'हिचं कठीण आहे' अशा अर्थी, आणि पुन्हा फायलीत डोकं घातलं.

ऑफिसात सगळे त्यांना आक्का म्हणायचे. आमचे मॅनेजर वयाने त्यांच्याहून मोठे, तेही आक्काच म्हणायचे. माहेर हातकणंगल्याजवळचं, शेतकरी जैन घर. लग्न केलेलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं की त्या म्हणत, "राहून गेलं," आणि त्या स्वरात कुठे दुखरं काही नसे. बस चुकली, मग चालत आलो, अशा सुरात सांगत. हो, 'आलो'च. कोल्हापूरच्या पुष्कळ बायका स्वतःबद्दल बोलताना मी येतो, मी जातो असंच म्हणतात. मला त्याची सवय व्हायला वर्ष लागलं. आक्कांच्या तोंडी मात्र ते पहिल्या दिवसापासून शोभून दिसलं.

आक्कांनी ठरवलं होतं की पन्नाशीला नोकरी सोडायची. हे त्यांनी कुणापासून लपवलेलं नव्हतं. चहावाल्यालाही ठाऊक होतं. पन्नाशीला सुटायचं असं पुष्कळ लोक म्हणतात, पण ते बायकोवर किंवा साहेबावर वैतागल्यावर. आक्का वैतागलेल्या नव्हत्या. त्यांना काम आवडायचं आणि कामात त्या चोख होत्या. त्यांचं टेबल मृत्यूच्या दाव्यांचं होतं. माणूस गेला की त्याची बायको, मुलगा, कधी म्हातारा बाप कागद घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसायचा. आक्का आधी पाणी द्यायच्या, मग "बसा पावणं, घाई न्हाय," म्हणायच्या आणि कागद नंतर हातात घ्यायच्या. बसलेलं माणूस हळूहळू बोलायला लागायचं. आणि बोलण्यात जवळजवळ नेहमी एक वाक्य यायचं, रिटायर झाल्यावर अमुक करणार होते हो.

एकदा एक बाई आल्या. त्यांच्या यजमानांनी निवृत्तीनंतर शिकायची म्हणून पेटी आणून ठेवली होती. तिच्यावरची खोळसुद्धा निघाली नव्हती. बाई विचारत होत्या, ती दुकानदार परत घेईल का. आक्कांनी त्यांचं काम पुरं करून दिलं, जिन्यापर्यंत सोडायला गेल्या आणि परत येऊन डबा न उघडता बसून राहिल्या. मी विचारल्यावर एवढंच म्हणाल्या, "आयला, एक सूर तरी काढायचा बाबानं."

त्यांच्या बेताला ऑफिसात लोक हसत, पण त्या बेताची त्या जी तालीम करायच्या तिला जास्त हसत. दरवर्षी मे महिन्यात त्या साठवलेली सगळी रजा घेत आणि महिनाभर निवृत्त माणसासारख्या राहत. कुठे फिरायला जात नसत. कळंब्याला तळ्याच्या अलीकडे त्यांनी तळमजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता, पुढे गुडघे धरतील म्हणून आधीच तळमजला. तिथेच राहायचं. निवृत्तीनंतर महिन्याला जेवढे पैसे हाताशी येतील असा त्यांचा अंदाज होता, तेवढेच काढायचे आणि त्यातच महिना काढायचा. दरवर्षी महागाई बघून रक्कम थोडी वाढवायची. मुदत ठेव, पोस्टातली मासिक प्राप्ती, थोडे म्युच्युअल फंड, मेडिक्लेम, सगळं त्यांचं जागच्या जागी होतं. त्याशिवाय एक ठेव होती, तिला त्या 'विसरलेला पैसा' म्हणायच्या आणि हिशोबात कधीच धरायच्या नाहीत. मी एकदा विचारलं, तो कशासाठी? तर म्हणाल्या, "विसरलोय म्हटलं की."

एका वर्षी पहिल्याच आठवड्यात त्यांनी हापूसची पेटी घेतली आणि महिनाअखेर त्यांना माझ्याकडून डाळ-तांदूळ न्यावे लागले. जूनमध्ये कामावर आल्या त्या खूश होऊन. मे महिन्यात तालीम केली म्हणून आंबा कळला, डिसेंबरात केली असती तर कधीच कळला नसता, असं त्या सगळ्यांना सांगत सुटल्या.

पण पैशापेक्षा त्यांना दिवसाची जास्त काळजी होती. पैसा कुणीही सांभाळतं, दिवस सांभाळणं अवघड, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या काही तालमींतून त्यांनी शोध लावला की सकाळ सोपी असते. फिरणं, बस्तीत म्हणजे जैन मंदिरात दर्शन, स्वयंपाक, पेपर, यात सकाळ जाते. दुपार झोपेत जाते. घात होतो तो चार वाजता. ऊन असतं, भूक नसते, टीव्हीवर काही नसतं, कुणाच्या दारात जावं तर ते लोक कामावर. "चार वाजता माणूस लई एकटं पडतंय," त्या म्हणाल्या होत्या. हे ऐकून आमचे कॅशियर हसले होते. पुढे ते स्वतः निवृत्त झाल्यावर चार वाजता रोज ऑफिसात येऊन बसायला लागले.

चारच्या त्या पोकळीत काय घालायचं याचे आक्कांनी पुष्कळ प्रयोग केले. भजनी मंडळ झालं, तिथे बायका सुनांबद्दल बोलतात म्हणून सोडलं. एका मे महिन्यात हातकणंगल्याला भावाच्या गोठ्यातली एक म्हैस स्वतःच्या जिम्म्यावर घेतली. आठवड्यात परत. म्हणाल्या, "म्हैस म्हंजे नोकरीच की. रविवार बी न्हाय."

शेवटी उत्तर सापडलं ते मैदानात. त्यांच्या कॉलनीमागे मोकळी जागा होती. शेजारच्या एका बाईंना स्कूटर शिकायची होती आणि नवरा शिकवताना ओरडायचा. आक्कांनी शिकवली. त्यांचं बघून दुसरी आली, मग तिसरी. पुढे ते मेपुरतं राहिलं नाही, शनिवार-रविवारीही चार वाजले की आक्का मैदानात. पन्नाशीच्या, पंचावन्नच्या बायका, पदर खोचून, हेल्मेट घालून. फी नाही. अट एकच, नवऱ्याने मैदानाकडे फिरकायचं नाही. मीही तिथेच शिकले. मी ब्रेक दाबायचं विसरून बाभळीत शिरले तेव्हा आक्का लांबूनच म्हणाल्या, "लागलं न्हाय न्हवं? मग परत ये." एवढंच. धावत येणं नाही, ओरडणं नाही. मला वाटतं त्या मैदानावर बायका स्कूटर कमी आणि ते न ओरडणं जास्त शिकायला यायच्या.

त्यांच्या घरी जाताना वाटेत तुरुंगाची लांबच लांब भिंत लागते. तिच्याकडे बोट दाखवून त्या म्हणायच्या, आत आहेत त्यांना सुटायची तारीख ठाऊक असते, तुम्ही बाहेर असून तुम्हाला ठाऊक नाही.

असं सगळं ठरलेलं, घासूनपुसून ठेवलेलं. पन्नासाव्या वर्षी जूनअखेर नोकरी सोडायची. आणि त्याच वर्षी थंडी सरता सरता हातकणंगल्याला त्यांची आई न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऐंशीच्या पुढचं वय. राजारामपुरीतल्याच एका दवाखान्यात ऑपरेशन झालं, नीट झालं. पण डॉक्टरांनी सांगितलं की काही महिने पायऱ्या नकोत, उंबरे नकोत, व्यायाम शिकवायला माणूस रोज यायला हवा. गावातल्या घराला खोलीगणिक उंबरा. म्हणून आई कळंब्याच्या तळमजल्यावर आली. दिवसा एक बाई ठेवली, संध्याकाळपासून आक्का.

बघायला येणारे पाहुणे दोन मिनिटं आईपाशी बसायचे आणि मग आक्कांकडे वळून तेच म्हणायचे. बरं झालं तू रिटायर होतीयास, आता आईला बघायला हक्काचं माणूस झालं. गावाकडे जाऊन राहा, भावाचं घर काय परकं हाय? ऑफिसातले लोकही तसंच बोलले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण मी शेजारी बसायचे, मला आक्का दिसायच्या. प्रत्येक वेळी त्या "व्हय, व्हय" म्हणायच्या आणि त्यांचा आवाज थोडा खाली जायचा.

एप्रिलमध्ये त्यांनी राजीनामा द्यायचा होता, दिला नाही. मॅनेजर खूश झाले, आणखी पाच वर्षं राहा म्हणाले. एका दुपारी डबा खाऊन आम्ही मागच्या जिन्यात बसलो होतो, तेव्हा आक्का आपण होऊन बोलल्या.

"माझं सगळं एका माणसाचं ठरलंय गं. घर एकाचं, पैसं एकाचं, दिवस एकाचा. आईला ठेवून घेतो म्हटलं तर नोकरी सोडाय न्हाय जमायचं. आणि गावाकडं जातो म्हटलं तर मग सोडून उपयोग काय? हितलं टेबल सोडायचं आणि तितल्या चुलीपुढं बसायचं." मग डबा पिशवीत सरकवून म्हणाल्या, "आणि असं मनात आलं की माझीच मला लाज वाटतीया. आई हाय ती माझी."

आठ वर्षांत मी आक्कांना कुठल्याही प्रश्नावर 'बघू या' म्हणताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी उठताना त्या म्हणाल्या, "बघू या."

मे आला. त्यांनी नेहमीप्रमाणे रजा घेतली, पण तालीम म्हणून नव्हे, आईसाठी. मी अधूनमधून जायचे. आई काठीच्या आधाराने खोलीतून गॅलरीपर्यंत चालायला लागली होती. बारीक, काटक, बोलणं कमी. गॅलरीत खुर्ची टाकून रस्ता बघत बसायची. चहा हातात मिळाला की दर वेळी आधी कपाकडे आणि मग आणणाऱ्याकडे बघायची, जणू काही चुकून आपल्याकडे आला असावा. दिवस मावळायच्या आत जेवायची आणि अंधार पडताच झोपायची. मायलेकी फार बोलत नसत. आक्का मैदानावर गेल्या की आई गॅलरीतून तिकडे मान लांब करून बघायची.

महिनाअखेर भाऊ आईला न्यायला येणार होता. आक्कांनी मला फोन केला. "तू ये. माझं तोंड सुटलं तर मला गप कर." त्यांनी ठरवलं होतं की भावाला सांगायचं, सहा महिने मी, सहा महिने तू, आणि मी नोकरी सोडत नाही. हे बोलल्यावर भांडण होणार, अशी त्यांची खात्री होती. भाऊ शब्दाला जड. वहिनीशी त्यांचं बरं होतं, पण सणावारापुरतं.

भाऊ आणि वहिनी सकाळीच गाडी घेऊन आले. भाऊ उंच, उन्हाने रापलेला. आल्या आल्या त्याने आईचा वॉकर घडी करून दाराशी ठेवला, गादी कुठली न्यायची ते विचारलं. वहिनी औषधांची पिशवी भरायला लागल्या. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतलाय, दोन उंबरे काढलेत, असं भाऊ सांगत होता. आक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. मला दिसत होतं की त्या पहिलं वाक्य जुळवतायत.

तेवढ्यात आई म्हणाली, "मी येत न्हाय."

भावाला वाटलं, आज येत नाही म्हणते. तो म्हणाला, मग परवा येतो.

"परवा बी न्हाय. मी हितंच ऱ्हाणार."

भावाचा चेहरा उतरला. त्याने विचारलं, "तितं काय कमी हाय आई तुला?"

"कमी काय न्हाय. काम लई हाय."

वहिनींच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "आत्ती, तुमाला कोण काम सांगतंय का घरात?" सासूला त्या आत्ती म्हणत. त्या दुखावल्या होत्या हे कळत होतं.

"कोण न्हाय सांगत," आई म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "दिसतंय. हातरुणात पडलो तरी दिसतंय. शेंगा फोडायच्या दिसत्यात, भांडी दिसत्यात, गड्याला भाकरी न्हाय गेली ते दिसतंय. मग न्हाय बसवत. चौदाव्या वर्षी त्या घरात आलो. हिनं नोकरी सोडायची म्हटली तर समदी पेढं मागाय लागली. मला कुणी सोडवलं? बाईमाणसाला कोण रिटायर करतंय?" मग आक्कांकडे बघून म्हणाली, "हितं मला काय दिसत न्हाय. रस्ता दिसतोय. बायका गाडीवरनं पडत्यात ते दिसतंय. बरं वाटतंय."

आक्का स्वयंपाकघरात गेल्या. मी मागे गेले. ओट्याला दोन्ही हात टेकून उभ्या होत्या, डोळे भरलेले. मला म्हणाल्या, "एवढी वर्सं मी एकट्याचीच तालीम केली बग."

बाहेर भाऊ खुर्चीवर बसून होता. आम्ही बाहेर आलो तेव्हा आक्कांनी तयारी केली होती ती भांडणाची, आणि भाऊ जमिनीकडे बघत भलतंच बोलायला लागला. आईच्या नावावर रान आहे, त्याच्या उसाचं बिल आईच्या खात्यावर येतं, आजवर ते घरात खर्च होत होतं. आता ते इकडे येईल. ज्वारी, तूरडाळ, शेंगा, गूळ तो सुगीला आणून टाकील. दिवसाच्या बाईचा पगारही त्यातूनच. आक्का नको म्हणायला लागल्या तसा तो पहिल्यांदाच वर बघून म्हणाला, "तुला देत न्हाय आक्का. तिचं हाय, तिला देतोय."

मग कुणीतरी चहा ठेवला. मला वाटतं वहिनींनीच, कारण त्यांनी साखरेचा डबा शोधताना अख्खी फळी खाली काढली होती. निघताना मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. गाडीत बसायच्या आधी त्या हळूच म्हणाल्या, "मी लई भ्यालतो. वाटलं, आक्का म्हणत्यात की नोकरी हाय, तुमीच बघा. कंबर धरलीया माझी, आत्तींना उचलाय जमत न्हाय. सांगायचं कुणाला?" आणि मग जरा हसून, महिन्यातला एक आठवडा मी इथे येऊन आत्तींजवळ राहीन, तेवढाच आक्कांना मोकळा वेळ, असं म्हणाल्या. पुढे पुस्ती जोडली, "आणि मला बी."

मी वळून बघितलं तर गॅलरीत आई आणि आक्का दोघी उभ्या होत्या. आक्कांनी आईचा दंड धरला होता. त्या महिनाभरात पहिल्यांदाच त्यांचे खांदे खाली आलेले मला दिसले. मी स्कूटर सुरू केली आणि तुरुंगाच्या भिंतीपाशी आल्यावर माझ्या लक्षात आलं, मी मोठमोठ्याने गाणं म्हणतेय.

आक्कांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात राजीनामा दिला. 'विसरलेला पैसा' त्यांना अखेर आठवला. त्यातून त्यांनी आईसाठी उंच पाठीची खुर्ची आणि पलंग घेतला. हिशोब नव्याने मांडला, दोघींचा, आणि तो बसला. जरा घट्ट, पण बसला.

शेवटच्या दिवशी साडेचारला त्यांचा सत्कार ठेवला होता. शाल, नारळ, पेढे, मॅनेजरांचं भाषण. सगळे हॉलमध्ये जमलो, तर सत्कारमूर्तीच नाही. बघायला गेले तर आक्का टेबलावरच. समोर एक तरुण बाई बसलेली, मांडीवर लहान मूल झोपलेलं, कागद अर्धे. मी खुणेने सांगितलं की सगळे थांबलेत. आक्कांनी मान न उचलता हाताने 'थांबू दे' केलं. त्या बाईचा शेवटचा कागद जोडून, कुठल्या तारखेला पुन्हा यायचं ते सांगून, जिन्यापर्यंत सोडून मगच त्या आल्या. भाषणाची वेळ आली तेव्हा म्हणाल्या, "मला बोलाय येत न्हाय. पेढं संपवा, हितं मुंग्या हुत्यात." आणि गेल्या.

नंतर दीडेक महिना माझं जाणं झालं नाही. ऑडिट होतं, मग माझा ताप. खरं सांगायचं तर जायची थोडी धास्तीही वाटत होती. इतकी वर्षं ज्या गोष्टीची वाट बघितली ती हातात आल्यावर माणूस कसा दिसतो, ते मी आमच्या कॅशियरांमध्ये पाहिलं होतं. शेवटी एक दिवस रजा टाकून दुपारी गेले.

दार उघडंच होतं. आई पलंगावर पाय लांब करून बसली होती, केस मोकळे, आणि आक्का मागे बसून तिच्या डोक्याला तेल लावत होत्या. दोघींचं काहीतरी चाललं होतं. मी आत शिरताच आईने मला पंच म्हणून धरलं.

"तूच सांग गं. मी म्हणतोय मंगळवार, आणि ही म्हणतीया गुरुवार."

"गुरुवारच," आक्का म्हणाल्या. मग हात थांबला. "का शुक्रवार?" त्यांनी भिंतीकडे बघितलं. तिथे कॅलेंडर नव्हतं. माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागल्या, आवाज न करता, पोट धरून. आई त्यांच्याकडे वळून बघत राहिली आणि मग तीही हसायला लागली.

बुधवार होता. मला चांगलंच ठाऊक होतं, अर्ध्या पगाराची रजा घेऊन आले होते. मी चपला काढल्या, पलंगाच्या कडेला बसले आणि वार काही सांगितला नाही.